कोरी डिस्क

माझी भावजय ज्योत्स्ना भिणारी बाई नाही. बडनेऱ्याच्या अंगणवाडीत तिनं जन्म काढला. एकदा खिचडीच्या खोलीत साप निघाला तं मदतनीस बाई ओरडत रस्त्यावर पळाली. हिनं लेकरं बाहेर काढली, खोलीले कडी लावली अन् साप पकडणारा येईपर्यंत दारातच ठाण मांडून बसली. अशी बाई कॉम्प्युटरच्या एका डब्यापायी लटलट कापताना मी माझ्या डोळ्यानं पाहिली.

त्या डब्यात माझ्या भावाचा आवाज होता.

माझा भाऊ धर्मपाल बुद्धविहारात वंदना सांगायचा. असा आवाज, की मागच्या गल्लीतले लोक घरबसल्या हात जोडायचे. मग त्या मेल्या तंबाखूच्या खर्ऱ्यानं घात केला. घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. ऑपरेशनच्या आधी त्यांची लेक करिश्मा माइक घेऊन बसली अन् बापाची वंदना कॉम्प्युटरात भरून घेतली. सुरुवातीलेच त्याचा हुकूम आहे, "ज्योत्स्ना, पंखा बंद कर वं." माइकमध्ये पंख्याची घरघर येत होती ना. करिश्मा तेवढं कापणार होती, आईनं कापू दिलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ज्योत्स्ना बटन दाबायची अन् चहा ठेवायले जायची. चहा उकळून, पिऊन व्हायचा, तरी कॉम्प्युटर आपला सुरूच होऊन राहिलेला. मग ती वंदना लावायची अन् धर्मपाल हात जोडून नुसते ओठ हलवायचा. मी अकोल्याहून आली की मीही बसायची.

यंदा मी आली तं डब्यातून कटकट आवाज येत होता. करिश्मानं फोनवर सांगितलं, जुनी हार्ड डिस्क मरायले टेकली, नवी एसएसडी डिस्क बसवून घे, अमरावतीले माझ्या वर्गातल्या ललितचं दुकान आहे. मी ज्योत्स्नावर चिडलीच. इतक्या वर्षांत मोबाइलमध्ये उतरवून काहून नाही घेतलं?

"हात लावला अन् पुसलं गेलं तं, बाई?"

घ्या! या भीतीपायी तिनं कोणालेच त्याले बोट लावू दिलं नव्हतं.

डबा जुन्या साडीत गुंडाळला, तिनं तो मांडीवर घेतला अन् आम्ही ऑटोनं अमरावतीले गेलो. धर्मपालले सांगितलं, धूळ साफ करून आणतो. ललितनं नीट समजावलं. जुन्या डिस्कमधलं सगळं नव्या एसएसडीवर उतरवायचं, मग कॉम्प्युटर तिच्यावरूनच झटक्यात सुरू होते. फक्त जुनी आजारी आहे, मधातच बंद पडली तं सांगता येत नाही. हे शेवटचं त्यानं बोलायले नको होतं. ज्योत्स्नाचं तोंड पांढरं पडलं. तरी निघता निघता तिनं त्याले दम भरलाच, कोणाची वापरलेली डिस्क लावू नको, मले कोरी पाहिजे. साडी घेताना आपण कोरी म्हणतो ना, तशी.

घरी आलो तं टेबल रिकामं. धर्मपाल त्या टेबलापुढेच जाऊन बसला अन् हातानं विचारू लागला, कधी येते? ती नजर चुकवत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या भावाचा आवाज दुसऱ्यांदा गेला तं त्याले सांगायचं कोणी?

दुपारी ललितचा फोन आला. दोनच वाक्यं बोलला अन् ठेवला. "काकू, डिस्क कोरी हाय. घ्यायले या."

ज्योत्स्नानं फोन पालथा ठेवला. "बाई, कोरी झाली. सारं पुसलं."

उलटा फोन करून विचारावं, तं तेच पुन्हा ऐकायची दोघींचीही हिंमत नव्हती. धर्मपाल दारातून पाहत होता. ती हसली, त्याले म्हणाली, झालं काम, घेऊन येतो. ऑटोत बसल्यावर तिनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

"मले त्यायचं भेव वाटते, बाई. ते तं मले शिवी बी देऊ शकत नाहीत."

मी ऑटोवाल्याले म्हटलं, जरा लवकर घे.

दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं विचारलं, काहीच नाही का वाचलं? ललित बुचकळ्यात पडला. त्यानं डिस्कचं एक फाटकं पाकीट पुढं केलं.

"तुमीच म्हटलं होतं ना काकू, कोरी पायजे? हे पाहा, माह्या हातानं सील तोडलं."

अन् त्यानं बटन दाबलं. पदर सावरायच्या आत माझ्या भावाचा आवाज दुकानभर झाला. ज्योत्स्ना काउंटरले धरून रडली, मग ललितले मेल्या म्हणाली, मग पुन्हा रडली. त्यानं सांगितलं, आता बटन दाबलं की वंदना आपोआप लागते. मोबाइलमध्येही उतरवून दिली, माझ्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बटन दाबलं अन् सवयीनं चहा ठेवायले आत आली. मी कप विसळत होती. तिनं चहापत्तीच्या डब्यात चमचा घातला, तोच समोरच्या खोलीतून आवाज आला.

"ज्योत्स्ना, पंखा बंद कर वं."

"आली ना, थांबा," ती बोलून गेली. मग चमचा तिच्या हातातून पडला. ती धावली. मीही धावली, खोटं कशाले सांगू.

दारात दोघी थबकलो. धर्मपाल हात जोडून बसला होता, ओठ मिटलेले; कॉम्प्युटर केव्हाचाच सुरू झाला होता. त्यानं आमची तोंडं पाहिली अन् आम्हाले काय वाटलं ते त्याले समजलं. त्यानंच मान खाली घातली.

वर पंखा फिरत होता. ज्योत्स्नानं जाऊन बंद केला.