आत्या बोलते तेव्हा बसून घ्यायचं

आत्याचं वाक्य संपेपर्यंत कोणी थांबलंय, असं घरात कधी झालं नाही. ती "भाजीत मीठ…" एवढं म्हणाली की वहिनी म्हणायची, "कमी पडलंय, कळलं, पुढे?" आणि पुढचं वाक्य भाऊच पुरं करायचा, तेही चुकीचं.

बाहेर मात्र हजारो माणसं तिचं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकत होती. त्यांचा इलाज नव्हता. आग लागली तर काय करावं, जड ओझं कसं उचलावं, असले जे कोर्स कंपन्या आपल्या कामगारांना कॉम्प्युटरवर करायला लावतात, त्यांना आत्याचा आवाज होता. तिचं बोलणं संपल्याशिवाय 'पुढे' हे बटण उजळायचंच नाही.

आधी ती बस स्थानकावर घोषणा करायची. तिथल्या भोंग्यांतून आवाज घुमून परत यायचा, म्हणून दोन शब्द बोलून ते विरेपर्यंत थांबायची सवय लागली. स्थानक सुटलं, सवय राहिली. "ओझं उचलताना…" आणि मग एवढी शांतता, की तेवढ्यात ऐकणाऱ्याने ओझं उचलून ठेवून यावं.

या शांततेवरच गदा आली. कोर्स बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रीवाल्याने तिला बोलावून घेतलं. हा गृहस्थ चहाचं यंत्र बिघडलं तरी 'संधी' म्हणायचा.

"ताई, मार्केट बदललंय. आता तीन मिनिटांचे कोर्स. मोबाइलवर. आवाज मशीनचा. दमत नाही, रजा मागत नाही. प्रचंड संधी आहे."

"मला?"

"तुम्हालाही. विश्रांतीची."

एका मोठ्या लाँड्रीत नवा कोर्स महिनाभर चालवून बघायचा, असं ठरलं. जमला तर आत्याचं काम संपलं. या वयात दुसरीकडे तिचा आवाज कोणी मागणार नव्हतं, आणि घरात तर तो फुकटही नको होता.

महिना संपला तसा लाँड्रीच्या मालकाचा फोन आला. "त्या आवाजवाल्या बाईंना घेऊन या."

विक्रीवाला वाटभर समजूत काढत होता. "तक्रार असणार, ताई. मनावर घेऊ नका. तक्रार म्हणजे खरं तर…"

"संधी," आत्या म्हणाली. दुसऱ्याचं वाक्य तिने पुरं केलं, ते आयुष्यात पहिल्यांदा.

लाँड्रीत वाफ कोंदली होती. हॉटेलांच्या चादरींचे ढीग, आणि टेबलांपाशी ओळीने उभ्या इस्त्रीवाल्या. मालक म्हणाला, "बाई, जरा बोला काहीतरी."

"नमस्कार," आत्या म्हणाली. थांबली. "आपल्या सुरक्षिततेसाठी…"

इस्त्र्या बाजूला झाल्या. टेबलांखालून स्टुलं निघाली. ओळच्या ओळ खाली बसली. एकीने चपला काढून पाय चोळायला घेतले, कोपऱ्यातल्या दोघींनी डोळे मिटले.

"बघा," मालक म्हणाला.

"काय बघू?" विक्रीवाल्याने विचारलं.

पाय चोळणारी म्हणाली, "दिवसभर उभ्याचं काम, साहेब. बसायचं ते कोर्सपुरतं. तुमच्या तीन मिनिटांत बसू का उठू?"

"मी यांच्या कोर्सात दोनदा नापास झाले," शेजारची म्हणाली. "परत करायला लावतात ना."

"नवा कोणी उघडतच नाही," मालक म्हणाला. "तपासणीवाले विचारतात, किती जणींनी पूर्ण केला? काय सांगू त्यांना? जुना मात्र एकीने अर्धवट सोडला असेल तर शपथ. जुनाच द्या."

विक्रीवाल्याने खिशातून पेन काढलं.

"संथ शिक्षण," तो म्हणाला. "ताई, बाजारात अजून कुणाला सुचलेलं नाही. चाळीस मिनिटांचा करू."

"आहे तेवढाच," मालक म्हणाला. "चादरी कोण करणार, तुमची संधी?"

संध्याकाळी ताटं वाढली होती. भाऊ म्हणाला, "ताई, काम राहिलं का गेलं, तेवढं सांग आधी."

"आज त्या लाँड्रीत…" आत्या म्हणाली आणि थांबली.

"गेलं," भाऊ म्हणाला.

"असू द्या हो वन्सं," वहिनी म्हणाली. "नाहीतरी घशाला त्रासच होता."

स्वयंपाकघरात काही घुमत नव्हतं, तरी आत्या थांबली. भावाची मशीनला नावं ठेवून झाली, वहिनीची मालकाला. दोघं दमून गप्प झाली.

"राहिलं," आत्या म्हणाली, आणि आमटी पुढे ओढली.