चष्मा सुटल्याचं सुख

माझ्या घरात आणि माझ्या चुलत भावाच्या घरात एकच भिंत आहे. ती आधी मातीची होती, आता विटांची झाली, पण आवाज पहिल्यासारखाच येतो. सकाळी तिकडून त्याच्या बायकोचा आवाज येतो, "उठा ना आता, म्हशी कोन सोडीन?" आणि तो लोळत म्हणतो, "सोड तूच, तुले कोन नाई म्हनलं?" रोजचं भांडण, रोज तेच शब्द. मी इकडं गॅसवर एका कपाचा चहा ठेवून ते ऐकत उभा असतो. राग येतो. राग नाही, जळतं. मला ओरडणारं कोणी राहिलं नाही आणि त्याला फुकट ओरडून घ्यायला मिळतं.

माझी शाळा चौथीला सुटली. लिहिताना गोड करून लिहायची कला माझ्याकडं नाही, म्हणून जसं आहे तसंच लिहितो.

आम्हा दोघांची लग्नं एकाच मांडवात लागली. तो माझ्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा, पण आमचं लहानपणापासून अरे-तुरेच. लोकांनी आम्हाला कायम जोडीनं तोललं. त्याला पोरगा आधी झाला, माझ्या विहिरीला पाणी आधी लागलं. त्यानं मोटारसायकल घेतली तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नाही. एवढं मोठं आयुष्य गेलं, पण त्याच्याकडं आहे ते आपल्याकडं का नाही, हा हिशोब काही डोक्यातून गेला नाही. त्याच्याही डोक्यातून गेला नसावा.

या हिशोबात माझी मोठी जीत झाली ती बायकोमुळं.

तिला चाळिशीतच चष्मा लागला होता. सुईत दोरा ओवायचा तर चष्मा, डाळ निवडायची तर चष्मा. साठीच्या पुढं गेल्यावर एका दुपारी ती ओट्यावर गोधडी घेऊन बसली होती आणि एकदम ओरडली, "अवो, इकडं या, पाहा ना!" मी धावत बाहेर आलो. वाटलं, विंचू चावला. तर हिच्या हातात सुई, सुईत दोरा, आणि चष्मा मांडीवर.

"बिनचष्म्याचा ओवला," ती म्हणाली.

"चाल, खोटं बोलू नोको."

तिनं दोरा उपसला आणि माझ्यासमोर परत ओवला. एका झटक्यात.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. आमच्याकडं अशा माणसाला फिरून नजर आली म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला जवळचं पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं की ती त्याची पुण्याई. बायका सुया घेऊन ओवून न्यायला यायच्या. मग त्यांच्यातच ठरलं की कोणाच्या घरी बाळंतपण जवळ आलं की लेकराच्या गोधडीचा पहिला टाका हिच्या हातचा घ्यायचा, म्हणजे लेकराची नजर चांगली निघते. पहिला टाका घातला की हिला हळदीकुंकू, नारळ, कधी खण. आणि भिंतीपलीकडची माझी भावजय, जिच्या नाकावर जाड भिंगाचा चष्मा, ती दारात उभी राहून म्हणायची, "बाई, नशीब लागते. आमचे डोये तर जल्मापासूनच दरिद्री."

मला काय सुख व्हायचं ते ऐकून. मी चुलत भावाला मुद्दाम म्हणायचो, "तुह्या घरी दोन चष्मे, माह्या घरी एकच, थो बी पेटीत."

तो थुंकायचा आणि गोठ्याकडं निघून जायचा.

त्याच दिवसांत एकदा मी शेतातून येत होतो. ती ओट्यावरून म्हणाली, "कोन पाव्हनं आलं वो?" मी जवळ जाईपर्यंत तिनं मला ओळखलं नाही. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. लांबचं अंधुक झालं होतं, पण लांबचं लागतं कोणाला? म्हैस आपल्या पायानं घरी येते. पाणी ती फार प्यायची. आम्ही म्हणालो, ऊन लय आहे. अंगानं वाळली. बायका म्हणाल्या, नजर आली की चरबी जाते. मोरीजवळ मुंग्या व्हायच्या, त्यावर ती चुलीतली राख टाकायची आणि म्हणायची, यंदा मुंग्या लय. कोणाला काही वाटलं नाही. पुण्याई म्हटल्यावर तिच्यात रोग कोण शोधतो?

पुढं तिच्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले. ती हातानं माशी उडवल्यासारखी हवेत हात मारायची. मग एका डोळ्यात पडदा उतरला, तेव्हा मी तिला बुलढाण्याला नेलं. डोळ्यांची डॉक्टरीणबाई वयानं माझ्या सासरी गेलेल्या पोरीपेक्षा लहान. तिनं थेंब टाकले, बसवून ठेवलं, मग डोळ्यात उजेड मारून बराच वेळ आत पाहत राहिली. बाहेर आल्यावर विचारलं, "बाबा, यांची शुगर शेवटची कधी तपासली?"

"मी डोये दाखवाले आनलं, मॅडम. शुगरचं काऊन विचारून राह्यल्या?"

"कारण मला डोळ्यात शुगरच दिसते आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागं पडदा असतो, त्यावर केसाहून बारीक रक्ताच्या नळ्या. अंग न कापता रक्ताच्या नळ्या उघड्या दिसतात अशी शरीरात तेवढी एकच जागा. साखर वाढली, बीपी वाढलं, की त्या फुगतात, गळतात. तिथं जे झालं ते मूत्रपिंडातही होत असतं, फक्त तिथलं दिसत नाही. मी चष्मा सुटल्याचं सांगितलं, जरा अभिमानानंच सांगितलं. तिनं मान हलवली. "साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी भरतं. भिंग फुगतं, नंबर बदलतो. जवळचं स्पष्ट होतं, लांबचं जातं. कधी मोतीबिंदूनंही होतं. पण चष्मा आपोआप सुटला, तर त्याच आठवड्यात तपासायला हवं होतं."

माझी बायको तिथंच स्टुलावर बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मंग त्या लेकरायच्या गोधड्यायचं काय?" डॉक्टरीणबाईला काही कळलं नाही. मला कळलं.

किडन्या निम्म्या गेल्या होत्या. उरलेल्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकल्या. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरची ही गोष्ट. मी आणि चुलत भाऊ धाड गावच्या बाजाराला गेलो होतो. कृषी केंद्रात त्यानं फवारणीच्या औषधाची बाटली हातात घेतली आणि त्यावरची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं घडाघडा वाचायला लागला. नाकावर चष्मा नाही. दुकानदार म्हणाला, "काका, जवान झाले का काय?"

"काय सांगू तुले," तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, "महिना झाला, चष्मा लागूनच नाई राह्यला. फिरून नजर आली मले." आणि माझ्याकडं पाहून हसला.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला त्याची काळजी वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, हे माझ्या बायकोचं होतं. ती एक गोष्ट गल्लीत फक्त तिची होती आणि आता ती पण यानं घेतली. बायको याची जिवंत, पोरगा याचा हाताशी, आणि वरून नजर पण यालाच. त्याच्या तोंडावरचं ते हसू मला नासवायचं होतं. म्हणून बोललो.

"पुन्याई नव्हे ते. रोग हाये. माही बुढी अशीच दोरा ओवत ओवत मेली."

तो लाल झाला. "जयतं का बे तुले?"

"हाव, जयतं. तरी रोग हाये. मोटारीची पाटी वाचून दाखव तिकडची."

त्यानं स्टँडवर उभ्या एसटीकडं डोळे बारीक करून पाहिलं. "चिखली," म्हणाला.

पाटी जालन्याची होती. पण तो म्हणाला, पाटी मळलेली आहे, आणि पुढं चालू पडला. जीपमध्ये माझ्याशेजारी बसला नाही.

मी भावजयीला सांगून पाहिलं. ती अंगणात लसूण सोलत होती. ऐकून घेतलं, लसणाची पाकळी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमचं दुख मले समजते. पन थे आमच्या दारात आनून नोका टाकू. माह्या मानसाचं काई चांगलं झालेलं तुमाले कवाच पाहावलं नाई."

खोटं बोलली नाही ती. म्हणून जास्त लागलं. मी घरी आलो, दार लावलं. मनात म्हटलं, ठीक आहे. मी सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही. होऊ द्या. भावजयीलाही कळू दे एका कपाचा चहा कसा असतो. हा विचार माझ्या मनात आला आणि मी त्याला हाकललं नाही. बसू दिलं. भिंतीपलीकडून माठात तांब्या बुडाल्याचा आवाज यायचा, थोड्या वेळानं परत यायचा, परत यायचा. तो इतकं पाणी पीत होता आणि ती त्याला म्हणत होती, "ऊन लय हाये, उन्हाचं किती फिरता तुमी!" तेच वाक्य. आमच्या घरातलं वाक्य भिंतीतून पलीकडं गेल्यासारखं.

मग एका सकाळी मी गोठ्यामागं कडबा आणायला गेलो. आमचा दोघांचा गोठा शेजारीच. घरात बाथरूम असताना तो अजून लघवीला गोठ्यामागंच जातो, जुनी खोड. त्या जागेवर मुंग्यांची रांग लागली होती. काळ्या, दाट, भिंतीच्या फटीतून थेट तिथपर्यंत. तिथं ना गूळ सांडला होता ना पेंड.

मी कडब्याची पेंढी धरून उभा राहिलो. वरून माती लोटली असती तर कोणाला दिसलं नसतं. पण मला मोरीजवळची राख दिसायला लागली, आणि ती टाकणारा हात. मी जोरात हाक मारली, "वैनी! ओ वैनी! इकडं या!"

ती शेणानं भरलेल्या हातांनी आली. "काय झालं? साप हाये का?"

मी बोट दाखवलं. तिनं मुंग्या पाहिल्या, मग माझ्याकडं पाहिलं. लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे अंगात साखर, हा अर्थ गावातल्या बाईला शिकवावा लागत नाही. आपल्या घरी झालं तरच तो दिसत नाही. तिनं शेणाचा हात तोंडावर धरला. मग तिथूनच ओरडली, असं ओरडली की म्हशींनी माना वर केल्या, "अवो! कपडे घाला! बुलढान्याले जायचं हाये!"

"काऊन?" आतून आवाज.

"मी सांगते म्हनून!"

दवाखाना मला माहीत म्हणून मलाही नेलं. डॉक्टरीणबाई तीच. तिनं मला ओळखलं नाही. थेंब टाकल्यावर त्याला काही दिसेना, तर भावजय त्याचं कोपर धरून बाकावर घेऊन बसली. तो लहान पोरासारखा डोळे मिटून बसला होता आणि ती पदरानं त्याच्या गालावर आलेलं पाणी टिपत होती, वरून शिव्याही देत होती. मी समोरच्या भिंतीवरचं मोठ्या डोळ्याचं चित्र पाहत राहिलो. दुसरीकडं कुठं पाहायचं कळेना.

साखर भयंकर निघाली. पण पडद्यावर एकदोनच ठिपके. रक्त-लघवी तपासली, किडन्या शाबूत. डॉक्टरीणबाई भावजयीला म्हणाली, "आजी, तुम्ही यांना अगदी वेळेवर आणलंत."

तो शब्द मला लागला. वेळेवर. माझ्या घरी ती वेळ आली होती, ओट्यावर, भर दुपारी, सुईत दोरा घेऊन. तिला आम्ही हळदीकुंकू लावलं.

गोळ्या सुरू झाल्या. आता दोघं सकाळी धाड रस्त्यानं चालायला जातात. तो पुढं, ती मागं, आणि तिथंही त्यांचं भांडण चालू. बिनसाखरेच्या चहावरून, भातावरून, चपला घातल्या नाहीत यावरून. मी ओट्यावरून पाहतो. तो वाचला याचं मला बरं वाटतं, असं लोक म्हणतात. वाटत असेल. पण जळणं काही कमी झालं नाही, उलट वाढलं. आधी त्या नवराबायकोची जोडी नशिबानं होती. आता ती मी राखली.

परवा तो ओट्यावर आला, हातात पेपर, तोंड वाकडं. साखर उतरली, भिंगाची सूज उतरली, तसं जवळचं परत पुसट झालं. डॉक्टरीणबाईनं नवा चष्मा दिला होता. तो नाकावर चढवून म्हणाला, "घे. पाह्य. तुह्या पायी माही नजर गेली."

"हाव, गेली."

"चांगला दोरा ओवत होतो बे मी."

"म्या पाह्यलं ना दोरा ओवनारं मानूस."

त्यानं पेपर उघडला, चष्मा नाकावर सरकवला, आणि माझ्या शेजारी बसून मोठ्यानं कापसाचे भाव वाचायला लागला. पलीकडून आवाज आला, "अवो, गोयी घेतली का?" त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं परत हाक मारली. परत यानं उत्तर दिलं नाही.

मी पेपर त्याच्या हातातून ओढून घेतला. "ओ दे ना लेका तिले," मी म्हणालो. "हाक मारून राह्यली ते."