मेंढीत आणि माझ्यात सारखं काय?

आमच्या आत्याचे पाय गेले, पण तोंड शाबूत होतं. तंजावूरच्या आमच्या घरापुढच्या ओट्यावर, म्हणजे तिण्णैवर, ती सकाळपासून ठाण मांडून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची हजेरी घेई. कुणी "अरेरे!" म्हणालं की उसळायची, "मेलें का मी? रडायला नंतर या!"

तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. सरकारी दवाखान्यात पोटात सुया टोचल्या, जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं. इंग्रजी अमदानीतलं ते औषध मेंढीच्या मेंदूपासून करत. झालं! आमच्या सोवळ्यातल्या गोतावळ्यानं निकाल दिला: अंगात मेंढी शिरली, विटाळ बाधला, प्रायश्चित्त घे. आत्या म्हणाली, "विटाळानं पाय जातात, तर तुमच्या जिभा कशा टिकल्या?"

डॉक्टरांनाही तिनं सोडलं नाही. ते बिचारे म्हणाले, "अम्मा, नक्की ठाऊक नाही. मेंढीच्या मेंदूशी झुंजताना तुमचं शरीर तुमच्याच मज्जातंतूंवर उलटलं असावं." आत्या म्हणाली, "म्हणजे मेंढीत आणि माझ्यात सारखं असं काहीतरी शरीराला दिसलं. तें काय, हुडका. दैव म्हणून हात झटकूं नका." भेटतील तेव्हा हाच तगादा.

पुढं तिरुवैयारूच्या घाटावर मलाच पिसाळलेलं कुत्रं चावलं. बाबा दवाखान्याचं नाव काढू देईनात. "घरात एक पांगळी आहे, तेवढी पुरे. पोरीला अंगारा लावू."

आत्या हातांवर सरपटत तिण्णैवरून उतरली. "दादा, सुई बाधते ती एखादीला. हा रोग कुणालाच सोडत नाही. पांगळी झाली तर माझ्याशेजारी बसेल, पण बसेल! तूं नेतोस, की मी रांगत नेऊं?" आणि माझा हात धरून खरंच रस्त्यावर निघाली की हो! बाबांनी लगबगीनं गाडी जुंपली.

सुया चालू होत्या तोवर रोज सकाळी ती मला पुढ्यात उभी करी. "चालून दाखव." माझी तर पाचावर धारण बसे. सुया संपून बरेच दिवस गेले, तेव्हा कुठं डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही.

त्या दिवशी मी गल्लीभर धावले. मागून आत्या ओरडत होती, "आणखी पळ! आणखी!" टोकाला पोचून मी वळून पाहिलं. स्वतःचे पाय गेले तेव्हा न रडलेली आत्या ढसाढसा रडत होती, आणि रडतारडताच बघणाऱ्यांना शिव्या घालत होती.