मुतारी नाक्याचं बारसं

परवानगी येण्याआधीच पाटी ठोकायची, तिच्यावर कापड टाकायचं आणि अनावरणाला नगरसेवकाला बोलवायचं, ही आमच्या विक्रोळीची जुनी रीत. एकदा लागलेली पाटी काढायला येतंय कोण?

त्या दिवशी आले. महापालिकेची गाडी, चार कामगार, शिडी, नटबोल्टचे पाने आणि एक साहेब.

पाटीखाली आमच्या शेजारच्या काकू उभ्या होत्या. ठेवणीतली साडी, हातात कापडाची दोरी. काका शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी शिट्टी घेऊन या चौकात यायचे, डंपर अडवायचे आणि पोरांना रस्ता ओलांडून द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. ते गेल्यावर काकूंना एकच हवं होतं, चौकाला त्यांचं नाव. अर्ज मी लिहिणार होतो. "आधी पाटी, अर्ज मागून," असं रुबाबात सांगणाराही मीच. नगरसेवकाचा फोन बंद लागत होता.

"परवानगी दाखवा," साहेब म्हणाले.

मी पुढे सरसावलो. हौशी नाटकात आयुष्य गेलेलं, वेळ मारून नेणं हा माझा धर्मच.

"साहेब, न्यूयॉर्कचा तो झगमगाटी जाहिरातींचा चौक पाहिलाय ना फोटोत? नाव कसं पडलं त्याला? एका वर्तमानपत्राची कचेरी तिथं आली म्हणून! पुढे कचेरी हलली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याच शहरात दुसरा चौक आहे. दोन मोठे रस्ते एकत्र येतात, म्हणून त्याचं नावच एकीचं. आता चला सॅन फ्रान्सिस्कोला..."

गर्दी जमली. शिडीवरच्या कामगाराचा पाना हवेतच थांबला. जिंकलो यार, असं मला वाटलं.

"म्हणजे लोकांच्या तोंडी बसेल तेच नाव?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"एकदम बरोबर!"

"मग इथं लोक काय म्हणतात?"

मी तोंड उघडणार, तोच मागून एक रिक्षावाला ओरडला, "मुतारी नाका! अजून काय?"

मुतारी पाडून जमाना झाला होता. कुणीतरी फिस्सकन हसलं. काकूंनी दोरीचा एक वेढा मनगटाला घेतला.

"तू गप बस रे आता," त्या मला म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "पाटी न्या. फक्त दोन मिनिटं द्या मला."

गाडीमागे हॉर्न कोकलत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

काकूंनी दोरी ओढली. कापड हलेना, एका खिळ्यात अडकलेलं. पुन्हा ओढली. आता कुणी हसत नव्हतं. शेवटी शिडीवरच्या त्या कामगारानंच वाकून कापड सोडवलं. निळ्या पाटीवर काकांचं नाव दिसलं.

"शिट्टीवाले मास्तर ना हे?" एक बाई पुटपुटली. "मला पण यांनीच सोडलंय शाळेत."

मग पाने फिरले आणि पाटी गाडीत गेली.

"अर्ज कुठं द्यायचा?" काकूंनी विचारलं.

साहेबांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "सोमवारी या. पण वेळ लागेल हां."

"लागू दे."

सोमवारी मी झब्बा चढवून, पान खाऊन त्यांच्या दारात हजर. काकू चपला घालत होत्या. कागदांची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

"तू नको येऊस," त्या म्हणाल्या. "तिथं पण अमेरिकेला जाशील, आणि माझा नंबर जाईल."

आणि त्या एकट्याच जिना उतरून गेल्या.