दोन बोटं रिकामी

बंगळुरूजवळ बोम्मसंद्राला कारखान्यांचं घाण पाणी साफ करायचा प्लांट आहे. तिथे मी झाडलोट करते. उघड्या टाकीपासून दहा पावलांवर माझी शेड. टाकीत खालून हवा सोडतात, पाणी दिवसभर बुडबुडत असतं. औषधाच्या कारखान्याचं पाणी आलं की थिनरसारखा वास सुटायचा. डोळे चुरचुरायचे, डबा खाववायचा नाही. टाकीला झाकण घाला, असं साहेबाला दोन वर्षं सांगत होते. तो ऐकून घ्यायचा, बस.

मग पुण्याचा एक इंजिनिअर आला. राहायला एचएसआर लेआउटच्या महागड्या वस्तीत, पायात पांढरे बूट. पहिल्या दिवसापासून मला तो आवडला नाही. पाण्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे तो थिनरसारखा द्रव, बुडबुड्यांबरोबर किती उडून जातं, त्याचं तो कॉम्प्युटरवर मॉडेल मांडणार होता. त्यावर झाकणाचं ठरणार होतं.

लॅबमध्ये तपासायला पाण्याच्या बाटल्या भरायचं काम प्लांटच्या ऑपरेटरचं. त्याला वास नको. "अक्का, स्वल्प, जरा तुम्हीच भरा," म्हणून त्यानं ते माझ्या गळ्यात घातलं. मी भरत गेले.

महिन्यानं इंजिनिअर म्हणाला, "मावशी, येणाऱ्या पाण्यातच सॉल्व्हंट कमी आहे. मॉडेलप्रमाणे हवेत फारसं जात नाही. झाकणाची गरज नाही."

"तुमच्या मॉडेलला नाक आहे का?"

"नाकावर रिपोर्ट होत नाही."

"मग उद्या माझ्या शेडमध्ये जेवायला या."

आला. दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. शेजारी मी बाटल्या भरत होते. त्यानं एक उचलली.

"वर जागा का ठेवली?"

"लोणच्याची बरणी कोण काठोकाठ भरतं? दोन बोटं ठेवायचीच."

"अहो, त्या जागेतच सगळं उडून येतं! लॅबमध्ये टोपण उघडलं की गेलं. काठोकाठ भरा, असं बाटलीवर लिहिलंय."

"इंग्रजीत. माझी शाळा चौथीपर्यंत. महिनाभर एसीत बसलात, बाटल्या कोण भरतंय हे बघायला एकदा तरी आलात?"

पण हात माझे होते. ज्या झाकणासाठी दोन वर्षं भांडले, ते मीच घालवायला निघाले होते. चूक कबूल केली. माफी मागितली नाही.

त्यानं भरून दाखवलं. तोंडावर पाणी फुगून येईतो भरायचं, टोपण लावायचं, बाटली उलटी करायची. आत बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरायची. चार दिवस मी तशा भरल्या, तो शेजारी उभा राहिला. नाकाला रुमाल लावून.

नवे आकडे आले, त्यानं मॉडेल पुन्हा चालवलं. सॉल्व्हंट बहुतेक हवेतच जात होतं. पाणी साफ व्हायचं ते असं, घाण हवेत उडवून.

टाकीला झाकण बसलं. आतली हवा आता वास शोषणाऱ्या कोळशाच्या पिंपातून जाते. त्यानं आभार मानले नाहीत, मीही नाही.

बाटल्या आता ऑपरेटर भरतो. मी प्रत्येक बाटली त्याच्या हातून घेऊन उलटी करते. बुडबुडा दिसला की ओतून देते. तो कन्नडमधून शिव्या घालतो. मला कन्नड त्याच्यापेक्षा चांगलं येतं.