मामाची बॅग आणि मामीचे पडदे

माझ्या मामाचं कुठलंही वाक्य सुस्काऱ्याने सुरू होतं. आधी नाकातून हवा सुटते, मग खांदे इंचभर खाली येतात आणि मग शब्द. जेवायला वाढू का म्हणून विचारलं तरी आधी सुस्कारा, मग "हं, बघू." मला हे इतकं जमतं की एकदा दाराआडून मी नुसतं "हं, बघू" म्हटलं तर मामीने आत ताट वाढलं. मामा तेव्हा कामावर होता.

मामा वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातले, गोदामातले, दवाखान्यात तान्ही बाळं ठेवतात तेसुद्धा. काटा तपासून झाला की काळ्या मार्करने त्याच्यावर तारीख लिहितो. तो मार्कर कशानेच जात नाही. मामाच्या डाव्या अंगठ्यावर कुठल्या तरी तारखेतला आठ गेले कित्येक महिने आहे.

आणि मामा फुटबॉल क्लबची बॅग सांभाळतो. एकोणीस वर्षं.

क्लबच्या टीम दोन, शर्टांचा संच एक. तेरा निळे आणि गोलकीपरचा एक हिरवा. आधी तरण्यांची टीम खेळते. शिट्टी वाजली की सगळे गोलखांबापाशी येऊन शर्ट काढतात आणि मामाच्या पायाशी फेकतात. मामा ते उलटे करून दोरीवर वाळत घालतो, नंबरवार, दोनच्या शेजारी तीन, तीनच्या शेजारी चार. वीस मिनिटांनी तेच ओलसर शर्ट अंगात घालून चाळिशीपुढचे जुने मैदानात उतरतात. ओला शर्ट अंगाला लागला की जुने एका सुरात "ईऽऽ" करतात. दर वेळी, जणू पहिल्यांदाच. मामा स्वतः जुन्यांचा गोलकीपर, त्यामुळे त्याचा एक नंबरचा राखाडी स्वेटर वेगळा. मग सगळे शर्ट बॅगेत, बॅग मामाच्या उजव्या खांद्यावर, आणि सोमवारी सकाळी ती घरच्या मशीनमध्ये रिकामी होते. तीन फेऱ्या लागतात. संध्याकाळपर्यंत गॅलरी निळी.

मामीने यावर कधी तोंड सोडलं नाही. यंदा स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तिने पडद्यांकडे बघत फक्त विचारलं, "सोमवारी मशीन मला मिळेल का?" मी वरच्या मजल्यावरून डबा परत द्यायला आले होते, म्हणून ऐकलं. तिला रविवारी वेळ नसतो, मंगळवारपासून ती कामावर जाते, एक सोमवार काय तो हातात. पडदे मूळचे पांढरे होते, असं तिचं म्हणणं.

मामाने सुस्कारा सोडला. पण पुढे "बघू" आलं नाही. "मिळेल," म्हणाला. "यापुढे दर सोमवारी मिळेल. बॅग सोडतोय मी."

मामी हसली नाही, उजळलीही नाही. बरं म्हणाली आणि एका पडद्याच्या कड्या काढून ठेवल्या. तो पडदा आठवडाभर एका बाजूने लोंबत होता. मामा येता-जाता त्याच्याखालून वाकून जायचा.

शनिवारी सकाळी मैदानावर मामाने सगळ्यांना सांगितलं, उद्या संध्याकाळी बॅग दुसऱ्या कुणी तरी घ्यायची. सगळे "हो हो मामा" म्हणाले. मामा पुढे काहीच बोलेना, तेव्हा त्यांना कळलं की हा खरंच विचारतोय. मग काय, एकेकाची घरं उघडी पडली. प्लंबर जुन्यांचा बचाव सांभाळतो, बोलतो मात्र नळातून हवा आल्यासारखा, अडकत अडकत. त्याने सांगितलं की त्याच्याकडे, म्हणजे, तसं, पाणीच येत नाही. सगळ्या गल्लीचे नळ दुरुस्त करणारा माणूस. एकाच्या मशीनचं झाकण बंद होत नव्हतं, एकाच्या बायकोला निळ्याची ॲलर्जी होती. तरण्यांचा कॅप्टन लांबू वायरमन आहे. तो नुसता बुटाची नाडी बांधत राहिला. त्या सकाळी त्याने ती चार वेळा बांधली.

त्या दिवशी न घडणारी गोष्ट घडली. दोन्ही टीम जिंकल्या. एकोणीस वर्षांत रविवारपर्यंत कधी एक टीम गेली असेल, कधी तीही नाही. रविवारी सकाळी माइकवाले गृहस्थ, ज्यांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणाचा तरी सत्कार करावासा वाटतो, त्यांनी जाहीर केलं की काल पेनल्ट्यांमुळे वेळ गेला, पाचला मैदान रिकामं करून द्यायचंय, म्हणून तरुण गटाची उपांत्य फेरी एक नंबरच्या मैदानावर आणि प्रौढ गटाची दोन नंबरच्या, दोन्ही बरोब्बर तीन वाजता. टाळ्या.

मामाच्या खांद्यावरची बॅग हळूच खाली आली.

स्पर्धेच्या अर्जात तळाला "विशेष विनंती" म्हणून रकाना असतो. अठरा वर्षं मामा तिथे लिहायचा, आमच्या दोन्ही संघांचे सामने एका वेळी ठेवू नयेत. यंदा तो रकाना कोरा होता. स्पर्धेच्या चिटणीसांनी अर्ज काढून दाखवला. चिटणीस चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात, पण कागद त्यांना बरोबर सापडतो. मामाने नाकारलं नाही. कंटाळा आला होता, म्हणाला. दोन्ही टीम रविवारी असतील असं कुणाला वाटणार. चिटणीस म्हणाले, माझ्या हातात असतं तर, आणि नियमाच्या पानावर बोट ठेवलं. पाठीवर नंबर नसेल तर खेळता येणार नाही.

पावणेतीन वाजले होते. मामाने बॅग उघडली आणि सगळे शर्ट लांबूच्या टीमला देऊन टाकले. प्लंबर म्हणाला, आणि आम्ही? मामाने सुस्कारा सोडला, खिशातून कामाचा मार्कर काढला आणि म्हणाला, "बनियन आहे ना अंगात?"

दहा प्रौढ माणसं सदरे काढून रांगेत पाठमोरी उभी. बँकेतले साहेब, शाळेतले ड्रॉइंग मास्तर, प्लंबर. मामा एकेकाच्या पाठीवर नंबर लिहीत चालला, दोनपासून अकरापर्यंत. प्लंबरला गुदगुल्या होतात, त्याचा पाच वळवळून सहासारखा झाला. ड्रॉइंग मास्तर मान वळवून सारखं सांगत होते की नऊचं पोट मोठं काढा. बँकेतल्या साहेबांच्या बनियनला नेमकं नंबराच्या जागी भोक होतं, म्हणून त्यांचा आठ चामडीवर पुरा करावा लागला. ते हळू आवाजात म्हणाले, हे निघतं ना? मामाने मार्करचं टोपण लावलं.

सामन्यांचं काय सांगू. तरणे तीन-एकने हरले. जुने सत्तर मिनिटं बनियनवर लढले. पाच नंबर कुठला आणि सहा कुठला यावरून पंचांनी दोनदा खेळ थांबवला. मामाने दोन चेंडू पोटावर घेतले, एक तोंडावर. संपायला चार मिनिटं असताना एक साधा, घरंगळत आलेला चेंडू त्याच्या दोन्ही गुडघ्यांमधून गेला. तो वाकला होता, फक्त उशिरा. जाळीतून चेंडू काढताना त्याने आधी कमरेला हात लावला, मग चेंडूला.

शेवटची शिट्टी झाली, जुनेही एक-शून्यने हरले. लांबूच्या टीमने येऊन सवयीने शर्ट मामाच्या पायाशी फेकले. मामाने ते उलटे केले, बॅगेत भरले, चेन लावली. बॅग गोलखांबाला टेकवली, सदरा चढवला आणि फाटकाकडे चालू लागला. मी त्याच्या मागे. उजवा खांदा रिकामा होता तरी तो डावीकडे झुकूनच चालत होता.

फाटकापाशी लांबू धापा टाकत आला. हातात बॅग.

"मामा, बॅग राहिली."

"राहिली नाही," मामा म्हणाला. "ठेवली."

लांबूने नाडीकडे बघितलं, ती बांधलेलीच होती. बॅग एकदा या हातात, एकदा त्या हातात. मग म्हणाला, "पावडर कुठली वापरता?"

मामाने सगळं सांगितलं. आधी गार पाण्यात अर्धा तास, नंबर आतल्या बाजूला, एका फेरीत पाचच, उन्हात अजिबात नाही. लांबू फोनमध्ये टिपून घेत होता आणि मध्येच विचारत होता, नंबर आतल्या बाजूला म्हणजे कसं. मामाने त्याला पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही. एवढं सलग बोलताना मी मामाला कधी ऐकलं नव्हतं, आणि सुस्कारा एकही नाही.

मग स्वेटर राहिला म्हणून मामा एकटाच गोलखांबापाशी परत गेला. मी फाटकातच थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आला तेव्हा स्वेटरचं भलंमोठं गाठोडं काखेत होतं. एका स्वेटरचं एवढं कसं, असं मी विचारणार होते, पण तो आधीच पुढे चालू लागला होता.

सोमवारी सकाळी मामीने पडद्यांचा ढीग आणून मशीनचं झाकण उघडलं. आत दहा बनियन. जुन्यांनीही रविवारी सवयीनेच अंगातून काढून ती गोलखांबापाशी टाकली होती आणि नुसते सदरे घालून घरी गेले होते. मामी आत बघत राहिली. मग तिने मामाकडे बघितलं.

"क्लबचं नाही हे," मामा म्हणाला. "लोकांचे कपडे आहेत. धुऊन द्यायला हवेत."

"नंबर निघणार नाहीत."

"माहितीये."

मामीने कोपऱ्यातली बादली पायाने पुढे सरकवली. मामाने एकेक बनियन मशीनमधून काढून बादलीत टाकलं, न्हाणीघरात पाट घेतला आणि गुडघ्यांचा आवाज करत बसला. मशीनमध्ये पडदे गेले. दिवसभर मशीनची घरघर आणि न्हाणीघरातलं घासणं आळीपाळीने ऐकू येत होतं.

संध्याकाळी मी खाली गेले. पडदे खरोखरच पांढरे निघाले होते. गॅलरीत दोरीवर दहा बनियन होती, दोनच्या शेजारी तीन, तीनच्या शेजारी चार. सगळे आकडे शाबूत. मामी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. तिने पाच आणि सहा निरखून पाहिले आणि त्यांची अदलाबदल केली.

मामा खुर्चीत झोपला होता. अंगठ्यावरचा आठही तसाच.