थेंब आणि गोळ्या

सर्वेवाल्या बाईंचं काम दिसायला सोपं. दारोदार जायचं, गृहिणीसमोर तीन कार्डं मांडायची आणि विचारायचं: सहा साबण नि तेलाची एक बाटली, दोन्ही तीन-तीन, की एक साबण नि सहा बाटल्या? दहातल्या नऊ जणी मधल्या कार्डावर बोट ठेवायच्या. शहाण्या माणसानं थोडं हे घ्यावं, थोडं ते, हे अकरा वर्षांत बाईंच्या अंगात पुरतं भिनलं होतं.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला हाडांच्या कळांसाठी गोळ्या आणि काचबिंदूसाठी थेंब. पगारात दोन्ही पुरतं बसेना. मग बाईंनी घरातही मधलंच उचललं: गोळ्या दोनाऐवजी एक, थेंब एक दिवसाआड. दिवसाला चाळीस बायकांची आवडनिवड लिहून घेणाऱ्या या बाईला आईला एकदा विचारावंसं वाटलं नाही, आता काय बोलायचं!

सहा महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. थेंब रोज घातले तरच दाब उतरतो, दिवसाआड म्हणजे न घातल्यातच जमा, असं ते म्हणाले. डावा वाचवायचा तर आता एकही दिवस चुकवून चालणार नव्हतं.

म्हणजे गोळ्या बंद. बाईंनी ऑफिसात उचल मागितली, नकार आला. भावाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. शेवटी त्या आईच्या उशाशी बसल्या.

"आई, डोळा की गोळ्या?"

"मला मेलीला काय, दोन्ही सारखंच. तुला झेपेल ते आण."

बोलताना आईनं पलंगाची कड घट्ट धरली होती. आणि खिडकीतून रस्ता बघण्याखेरीज तिला दिवसभर दुसरा विरंगुळा नव्हता. सारखं कसलं डोंबलाचं!

बाईंनी थेंब आणले.

चौथ्या दुपारी त्या जेवायला घरी आल्या, तर आईनं चादरीचा बोळा तोंडात धरलेला. शेजारी ऐकू जायला नको म्हणून. थेंब घालायला बाईंनी पापणी वर केली. डोळा स्वच्छ होता, सरळ त्यांच्याकडेच बघत होता.

"नको गं घालूस," बोळा काढून आई म्हणाली. "मला नाही आता काही बघायचं."

बाईंनी पापणी तशीच दाबून धरली आणि थेंब सोडला. मग न जेवताच पुढच्या गल्लीतल्या घरांकडे निघून गेल्या.